दादाची कापसाची मॅट

माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, वलगावच्या आखाड्यात मांडी थोपटायचा तेव्हा तिकडे बाळापूरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची. मधे अकोल्यासारखं गोंगाटाचं शहर पडतं, तरी उडायची. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

ऑलिंपिकमधून कुस्तीचं पदक देशात आलं, आणि वऱ्हाडातल्या लंगोटालंगोटाला समुद्रापलीकडची स्वप्नं पडू लागली. तशात अकोल्याला निवडीच्या कुस्त्या जाहीर झाल्या. जिंकेल तो आधी मुंबईला, मग परदेशी. दादाचं वय उताराला लागलेलं. वस्ताद म्हणाले, "ह्याच्यामांगं तुह्यासाठी दुसरी गाडी नाई, बाप्पा."

पण कुस्ती मातीत नव्हती, मॅटवर होती, आणि मॅट आमच्यातल्या कोणाच्या बापानं पाहिलेली नव्हती. वर्तमानपत्रात फोटो होता. जाडजूड, वरून कापड ताणलेलं. वस्तादांनी तो डोळ्याला लावून पाहिला आणि गरजले, "अबे, याच्यात कापूस हाय! अन् कापसाले वऱ्हाडात काय तोटा?"

घराघरातून कापूस आला. पिंजाऱ्याची तात आठवडाभर वाजत होती. अशी गुबगुबीत मॅट झाली की तिच्यावर चढलेली एक बकरी पोळ्याला सापडली, तीही दोन पिल्लांसकट. दादा त्या कापसात पोटरीपर्यंत रुतायचा. पाय काढायला गुडघा छातीपर्यंत उचलावा लागे.

"उचल! आखीन वर! बगळ्यावानी!" वस्ताद ओरडायचे.

सारा हिवाळा दादा तसाच लढला. त्या कापसावर त्याला कोणीच पाडू शकलं नाही.

अकोल्याच्या मंडपात मी मॅटमध्ये अंगठा खुपसून पाहिला. शिरेना. सारवलेल्या खळ्यासारखी टणक. दादानंही पाय ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कडक हाय रे."

"मंग? नेहमीसारखा चाल ना."

"पायानं आयकलं पायजे ना."

समोर रेल्वेतला एक किडकिडीत गडी. शिट्टी झाली. दादानं पहिलं पाऊल टाकलं आणि गुडघा थेट छातीला गेला. तो गडी नुसता वाकला, दादाचा टेकलेला पाय धरला आणि ओढला. दोन्ही खांदे मॅटला. कोणाची विडीही पेटली नव्हती.

"पहेलवान हाय का बगळा बे?" मागून कोणीतरी ओरडलं, आणि मंडप हसला.

परतीच्या गाडीत वस्ताद उपरण्यात तोंड खुपसून रडत होते. दादा म्हणाला, "तुमी नका रडू, वस्ताद. लोकं पाहून राहिले."

मला वाटलं, माती तरी त्याला परत घेईल. पण मातीतही त्याचा गुडघा वर येऊ लागला. मिसरूड न फुटलेली पोरं त्याला पाडू लागली. एके दिवशी त्यानं लंगोट वाळत घातला तो काढलाच नाही. दोरीवरच विरला.

मी बकरीची थाप मारली, कबुतरांची मारली. ही मारत नाही. पुढं कितीतरी वर्षं तो वावरातून यायचा तो तसाच, पावलागणिक गुडघा उचलत. दुरून ओळखू यायचा. मागून पोरं नक्कल करत चालायची. आई दारात उभी राहून म्हणायची, "हळू ये रे बाप्पा. रस्ता कडक हाय."