खिळ्याचा खुलासा

रज्जाकभाईंचा फोन आला तेव्हा मी बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होते. निघाले होते वच्छलाताईकडेच. आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. चूक माझी होती, आणि ती कबूल करायचं धाडस मला त्या सकाळीच झालं होतं. “मॅडम, ताई गेली,” रज्जाकभाई म्हणाले. “हार ओवता ओवता गेली. सुई हातातच होती.” गाडी आली, मी चढले. माफी मागायला निघालेल्या बाईला वाटेतच कळावं, की ऐकून घेणारं माणूस राहिलं नाही... मला याचा अजून राग येतो आणि तो कोणावर काढायचा ते समजत नाही.

वच्छलाताई जठारपेठेतल्या एका कोपऱ्यावर फुलं विकायची. घरचा मळा, घरचीच शेवंती, घरचाच झेंडू. मी अमरावतीहून रोज ये-जा करून जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. एकदा गजरा घ्यायला थांबले तर तिच्या पाठीमागे, जमिनीपासून जेमतेम हातभर वर सुतळी बांधलेली आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लावलेली दिसली. गल्लीतल्या लोकांनी काढलेली. शिंप्याच्या बायकोनं काढलेलं मशीन होतं, कोणी रंगवलेला बैल होता, आणि कूलरच्या टाक्यांवर फुलंपानं रंगवणाऱ्या रज्जाकभाईंनी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढलेली अख्खी मशीद होती. मी कमरेत वाकून पाहायला लागले. “वाकून काय पायता मॅडम? बसा न,” ती म्हणाली आणि पोतं सरकवलं. इस्त्रीची साडी होती, तरी बसले. “उभा माणूस भाव करते,” ती म्हणाली. “बसला माणूस पायते.” कलेचं शिक्षण घेताना मला एवढं साधं कोणी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही तिघांनी मिळून प्रदर्शन सुरू केलं, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. तीन दिवस, सकाळी चित्रं आणि दुपारी सिनेमे. मी त्याला महोत्सव म्हणायचे, ती ‘आपली बैठक’ म्हणायची. कापड दुकानाच्या सिंधी काकूंचं भरतकाम यायचं, बुद्धविहारातल्या बायांच्या गोधड्या यायच्या, मेळघाटातून कामाला आलेल्या एका कोरकू गवंड्यानं विटेवर कोरलेलं मोराचं पिल्लूसुद्धा एका वर्षी आलं होतं. पाट्या मराठी, हिंदी आणि उर्दूत असायच्या. चित्रं टांगण्याची रीत मात्र एकच. वच्छलाताई सतरंजीवर मांडी घालून भिंतीकडे तोंड करून बसायची, रज्जाकभाई तिच्या डोळ्यांच्या रेषेत खडूनं खूण करायचे आणि ती म्हणायची, “ठोक.” साऱ्या गोदामात खिळे त्याच उंचीवर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बुटकी स्टुलं ठेवलेली असायची. बाजार आटोपून भाजीवाल्या बाया यायच्या, रिकाम्या टोपल्या दाराशी ठेवायच्या, बसायच्या आणि उठायचंच नाव घ्यायच्या नाहीत. दुपारी पांढऱ्या चादरीवर सिनेमा लागायचा. एकदा त्यात कुठल्याशा बर्फाच्या देशातली एक म्हातारी ओली लाकडं पेटवत होती, तिचं बोलणं मी मराठीत सांगणार एवढ्यात वच्छलाताई मोठ्यानं म्हणाली, “तुमी राहू द्या मॅडम. धूर डोळ्यात जाऊन राहिला तिच्या, हे आमाले समजते.” सारं गोदाम हसलं. मीही हसले, जरा ओशाळून.

नाव झालं की माणसं येतात. आमच्याकडेही आली. समिती झाली, तिला अध्यक्ष मिळाले आणि मी सचिव झाले. पत्रिकेवर माझं नाव छापून आलं तेव्हा मी ती पत्रिका अमरावतीच्या सगळ्या नातेवाइकांना दाखवली, हे इथे लिहून टाकलेलं बरं. समितीनं नवा हॉल घेतला. गुळगुळीत फरशी, वरून दिवे आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी भिंतीवर पक्की बसवलेली पट्टी. चित्रं तिलाच लावायची, खिळा ठोकायचा नाही असा नियम. वच्छलाताईनं समितीच्या सभेत विचारलं, “मंग बसून दिसन कसं?” अध्यक्ष म्हणाले, “ताई, प्रदर्शनात कोणी बसतं का?” तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “हॉलचे नियम आहेत ताई, या वर्षी जमवून घेऊ.”

जमवून घेतलं. दीपप्रज्वलन झालं, भाषणं झाली, फोटो निघाले. भाजीवाल्या बाया आल्या, टोपल्या बाहेर ठेवायला सांगितल्या म्हणून त्यातल्या निम्म्या दारातूनच परतल्या. उरलेल्या माना वर करून भिंतीच्या कडेकडेनं एक फेरी मारून गेल्या. वच्छलाताई मात्र हॉलच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसली आणि तिथून वर पाहायला लागली. कॅमेरेवाले थबकले. अध्यक्षांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी तिच्याजवळ गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, “ताई, उठा ना. पाहुणे येताहेत.”

ती उठली. तेच तर... कलेक्टर कचेरीतल्या साहेबासमोर न उठलेली, दुकान हलवायला आलेल्या शिपायाला “तूच बस” म्हणणारी बाई माझ्या एका वाक्यानं उठली. “बरं मॅडम,” एवढंच म्हणाली आणि गेली. भांडली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. पुढचे आठ महिने मी तिच्या कोपऱ्यावरून जायचं टाळून लांबच्या रस्त्यानं शाळेत गेले. नवं वर्ष आलं, समितीनं पुन्हा तोच हॉल ठरवला, तेव्हा कुठे मला लाज वाटली. सचिवपद सोडते, आपण पुन्हा गोदामात बसू, एवढं सांगायला मी त्या दिवशी निघाले होते.

शोकसभा समितीनं घेतली, त्याच हॉलमध्ये. तिचा मोठा फोटो केला होता आणि तो पट्टीला, वर, टांगला होता. आयुष्यभर ताजे हार ओवणाऱ्या बाईच्या फोटोला कापडी फुलांचा हार! खाली खुर्च्यांच्या रांगा. तिच्या ओळीत बसणाऱ्या फुलवाल्या आणि भाजीवाल्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. अध्यक्ष बोलत होते, की ताईंनी कला तळागाळापर्यंत नेली. माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. मी उठले, खुर्चीवर चढले, फोटो पट्टीवरून उतरवला आणि तो हार काढून टेबलावर ठेवला. रज्जाकभाईंकडे पाहिलं. त्यांच्या पिशवीत हातोडी असतेच. मी भिंतीसमोर फरशीवर मांडी घालून बसले. त्यांनी माझ्या डोळ्यांच्या रेषेत खडू धरला आणि थांबले. “ताई तुमच्याहून चार बोटं बुटकी होती मॅडम,” ते म्हणाले आणि चार बोटं खाली खूण केली. तिथे मला रडू फुटलं. “ठोका,” मी म्हणाले.

खिळा ठोकला, फोटो लागला. मागच्या बाया एकेक करत पुढे आल्या आणि माझ्या आजूबाजूला बसल्या. एकीनं पदरातून शेवंतीची दोन फुलं काढून फोटोखाली ठेवली. अध्यक्ष माझ्याजवळ आले, वाकले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, उठा ना. पाहुणे येताहेत.”

शब्दन् शब्द माझाच होता. मी उठले नाही.

आता समितीचं पत्र आलं आहे. नियम मोडून भिंतीत खिळा ठोकला, त्याचा लेखी खुलासा करावा. हाच तो खुलासा. राजीनामा सोबत जोडला आहे. यंदाची बैठक गोदामात आहे, सतरंज्या धुऊन वाळत घातल्या आहेत. पत्रात असंही म्हटलं आहे, की खिळा काढायला लवकरच माणूस पाठवण्यात येईल. अवश्य पाठवा. फोटो आम्ही गोदामात नेलाय, खिळा तिथेच आहे. फक्त तो काढायला त्या माणसाला खाली बसावं लागेल.