मागच्या दाराच्या दोघी

लढाईच्या आदल्या दिवसाचा तो भाग आम्ही शनिवारी दुपारी पाहिला, तुरीच्या शेंगा सोलत. आम्ही म्हणजे मी आणि माझी मोठी जाऊ. लकडगंजात आमचं खाली डाळ-मिरचीचं ठोक दुकान आणि वर घर. दुपारी पुरुष माणसं जेवून खाली गेली, सासूबाई आडव्या झाल्या आणि माझी पोरगी त्यांच्या कुशीत झोपली, की समोरच्या खोलीतला टीव्ही आमचा. तेवढा वेळ सोडला तर त्या घरात माझं म्हणावं असं फारसं काही नव्हतं.

मालिका परदेशी होती, हिंदीत डब केलेली. किल्ले, जादू, उडणारे लांडगे, आणि पेटलेल्या गावांच्या राखेतून उठून चालत येणारी फौज. सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. बी.एड. झालेली बाई मी, हा पोरखेळ काय पाहायचा? पण जावेनं गोडी लावली. पात्रांची नावं तिच्या तोंडात बसत नसत, म्हणून तिनं सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं होतं. राजा म्हणजे बुढाऊ. किल्ल्याच्या मागच्या दारावर पहारा देणाऱ्या दोन बायका, एक वेणीवाली आणि एक कानतुटकी, या तिच्या सगळ्यात लाडक्या.

"ह्या दोघी म्हंजे तू अन् मी," ती म्हणायची. कानतुटकी कोण, यावरून आमचं रोज वाजायचं.

त्या हिवाळ्यात मला शहराबाहेर, वीजकेंद्राची राख उडते त्या कोराडीच्या एका शाळेत नोकरी मिळत होती. तिथल्या गणिताच्या बाई बाळंतपणाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मी गुपचूप जाऊन मुख्याध्यापिकांना भेटून आले होते आणि त्यांना मी पसंत पडले होते. लग्नानंतर माझी प्रमाणपत्रं पेटीत साड्यांखाली पडून होती, आणि मीही तशीच पडून होते असं मला वाटायला लागलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घरच्यांले विचार." होही नाही, नाहीही नाही. शाळेला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं आणि आमच्या घरात असले विषय रविवारी सकाळी निघत, तर्रीपोहे खाऊन सगळे टेकले की.

जावेला मात्र मी सगळं सांगितलं होतं. नवऱ्यालाही न सांगितलेली एक गोष्टसुद्धा. शाळेजवळ दोन खोल्यांचं एक घर भाड्यानं मिळत होतं, ते मी येताना पाहून आले होते. नुसतं पाहून. हिवाळ्यात अंधारात बस पकडणं झेपलं नाही, तर पुढे कधी विचार करू, एवढंच मनात होतं.

"हे कोणाले बोलू नको, ताई."

"मी काय पागल हाय काय?" ती म्हणाली. मग तिनंच बेत आखला. "आइतवारी पयले मी बोलीन. म्हणीन, घरचं सारं मी पाहून घेईन, जाऊ द्या तिले. मंग तू बोल. अन् कोराडीले जाशील तं तू बी राखेची होऊन येशील, मंग मी ओळखू कशी तुले?"

तिच्या बोलण्याला वजन होतं. चूल सांभाळणारी मोठी सूनच म्हणते आहे की माझं भागेल, तर पुढे कोणाकडेही कारण उरत नव्हतं. माझी सगळी भिस्त तिच्या त्या एका वाक्यावर होती.

तर तो शनिवारचा भाग. त्यात लढाई नव्हतीच. राखेची फौज सकाळी येणार आणि आत सगळे नुसते वाट पाहतात. बुढाऊ आपल्या हातानं भाकरी वाटतो, कोणी जोडे शिवत बसतो, जन्माचे वैरी एकमेकांशी साधं बोलतात. मागच्या दारावर त्या दोघी. त्यांच्या चिलखताचे पट्टे पाठीवर असतात, आपले आपल्याला आवळता येत नाहीत. म्हणून एक पाठ करून बसते, दुसरी आवळते, मग उलट. आणि शेवटचा पट्टा ओढताना वेणीवाली म्हणते, तुझ्या पाठीमागे मी आहे, तू फक्त समोर बघ.

जावेनं शेंगा सोडून माझा हात धरला. तिची बोटं सोलून सोलून हिरवी झाली होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "उद्या आपलं बी असंच," ती म्हणाली. लग्न होऊन या घरात आल्यापासून मला इतकं बिनधास्त कधी वाटलं नव्हतं.

रविवारी पोहे झाले. मी तिच्याकडे पाहिलं. ती उठली आणि पोह्यांवर घ्यायची तर्री आणायला आत गेली. तर्री कोणीच मागितली नव्हती. मी थोडी थांबले, मग म्हटलं आपणच सुरुवात करावी, येईल ती मागून. शाळेचं नाव तोंडातून निघतं न निघतं तोच मोठे दीर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "कोराडीले घर पाहून आली म्हणते तुही बायको. तुले माहीत होतं काय?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. त्या क्षणापासून त्याच्या लेखी लपवाछपवी करणारी मीच ठरले.

सासूबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "मले परवाच समजलं. तू सोताहून सांगशील म्हणून वाट पाहून राहिली होती मी. नोकरीले एखाद वेळी हो म्हटलं असतं मी. पण माह्या नातीले घेऊन वेगळं निंगायचं, अन् ते बी चोरून?"

तेवढ्यात जाऊ तर्रीचं भांडं घेऊन आली. सासूबाईंनी विचारलं, "तुह्यं काय म्हणणं हाय वं?"

"मी तं तिले म्हटलं होतं, आत्ताच कायले," ती म्हणाली. बोलताना ती भांड्याकडे पाहत होती.

विषय संपला. मी ताटल्या उचलल्या, घासल्या, आणि घासता घासता हिशेब लागला. परवा म्हणजे शुक्रवार. शनिवारी माझा हात धरून ती रडली, तेव्हा सगळं सांगून मोकळी झालेली होती. नवऱ्याचा मला एवढा राग आला नाही, त्यानं कधी शब्दच दिला नव्हता. हिनं दिला होता, आणि मोडून झाल्यावर पुन्हा एकदा दिला होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सोमवारी गच्चीवर जाऊन मी शाळेला फोनवर नकार कळवला. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या, पुढे कधी जागा निघाली तर बघू म्हणाल्या. खाली आले तर जाऊ कणीक मळत होती. मी सरळ विचारलं, "काहून सांगितलं?"

तिनं हात थांबवले नाहीत. "नोकरीपुरतं असतं तं नसतं सांगितलं. पण तू घर पाहून आली. तू गेली असती. मंग मी इथं कोणासंग बसू वं दुपारी?"

काम अंगावर पडेल म्हणाली असती, तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. पण तिनं ते माझ्यावरची माया म्हणून माझ्यासमोर ठेवलं, आणि मी विरघळेन अशी तिची खात्री होती. मी बाहेर आले.

पुढच्या शनिवारी लढाईचा भाग होता. तिनं टीव्ही लावला, शेंगांचं सूप मांडलं आणि हाक मारली, "ये वं, सुरू होऊन राहिलं." मी स्वयंपाकघरातच बसून राहिले. तलवारींचे आवाज, लांडग्यांचं ओरडणं, मग बराच वेळ नुसतं संगीत, सगळं भिंतीआडून ऐकू आलं. तिनं पुन्हा हाक मारली नाही.

संपल्यावर ती दारात येऊन उभी राहिली. नाक लाल, पदर ओला.

"दोघी बी हटल्या नाही वं," ती म्हणाली. "मेल्या, पण दार नाही सोडलं."

मी वाट पाहिली. आता हिला आठवेल, आता ही काहीतरी बोलेल. ती माझ्याशेजारी बसली, डोळे पुसले, पुन्हा भरून आले, पुन्हा पुसले. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ते पाणी खरं होतं. आदल्या शनिवारीही ते खरंच होतं, आणि तेच मला अजून सहन होत नाही.