रक्त कुणाचं नासकं?

"या लोकांचं रक्तच नासकं," डॉक्टर नर्सबाईला म्हणाले. माझ्यासमोर. मी तिथं नसल्यासारखं.

परभणीतला दवाखाना. मांडीवर माझा पाच वर्षांचा पोरगा, सांध्यासांध्यात कळा येऊन विव्हळत होता. थोरली लेक याच दुखण्यानं गेली होती. डॉक्टरांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. "खायला नाही घरात, पण पोरं काढायला पुढं. हिचं आजच ऑपरेशन करून टाका."

नर्सबाईनं माझा अंगठा धरला आणि शाईत दाबला. विचारलं नाही, काही नाही. मी हात हिसकून घेतला. सातवी पास होते मी.

"पोराला काय झालंय ते आधी सांगा."

"सांगून कळणार आहे का तुला?"

पोराला खांद्यावर टाकून मी बाहेर आले. संतापले होते. पण खरं सांगते, आतून मला ते पटलंही होतं. वाटलं, असेल माझंच रक्त नासकं.

घरीही तेच. नवरा नामांतराच्या मोर्चात बेंबीच्या देठापासून घोषणा द्यायचा, घरात मात्र तोंडात मिठाची गुळणी. बोलायची ती सासू. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. मामाची लेक करायची आमच्यात रीत, तशी मी तिच्या घरात आलेली. ती म्हणाली, "हिच्यात दोस हाय. धाकटीला करून आनू. भावाचीच लेक हाय, घरातल्या घरात ऱ्हाईल."

धाकटी माझी बहीण. सोळा वर्षांची. अजून शाळेत जायची.

माझं डोकंच फिरलं. नवऱ्याला म्हणाले, "आदी दोघांचं रक्त तपासू. न्हाईतर मांडवात येऊन आडवी पडीन." तो आला. मुकाट्यानं, पण आला.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी आम्हाला बसायला स्टूल दिलं. रक्ताचे कागद समोर ठेवून नीट समजावलं. पोराला सिकलसेल होता, आईबापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार. दोष आम्हा दोघांच्याही रक्तात, पण एकेरी, म्हणून आम्ही धडधाकट. लेकराला दोघांकडून मिळाला की हे हाल. दर बाळंतपणात चारांत एकदा हा धोका. नात्यात लग्न झालं की तो वाढतो. बहिणीच्या रक्तातही दोष असू शकतो.

घरी आले आणि उंबऱ्यातच विचारलं, "आत्याबाई, माझं रक्त नासकं म्हन्ता. मंग तुमच्या लेकात कुटून आलं? तुमी आन् माझा बाप एकाच मायचे न्हाई का?"

नवऱ्यानं हात उगारला. मी तो धरला आणि सोडला नाही.

तेव्हाच सांगून टाकलं. मला आणखी लेकरू नको. हे मी ठरवलंय, कुण्या डॉक्टरनं नाही. कळा सोसून मरायला मी जीव जन्माला घालणार नाही. आणि माझ्या बहिणीलाही घालायला लावू देणार नाही. धाकटी या घरात सून म्हणून येणार नाही. रीत मोडत असेल तर ती मी मोडते.