सलीलदाची एकोणिसावी मोहीम

मी कागद वाचवायला गेलो आणि सलीलदाची तीन वर्षांची मेहनत एका मिनिटात बुडवली.

रविवारी सकाळी साडेदहाला कोलकात्यात, बेहालातल्या त्याच्या जेवणाच्या टेबलाशी आम्ही बसलो होतो. मी आदल्या दिवशी छापलेले कागद ऐटीत वाटले. प्रत्येकाला त्याच्या सुपरहिरोचा तक्ता: नाव, ताकद, वेग, कमजोरी, जखमा, सगळं चौकटी आखून. मधुवंतीने तिचा कागद लग्नपत्रिकेसारखा न्याहाळला. अर्घ्यने आकडेमोड करायला म्हणून स्वतःचा उलटा केला, आणि त्याचं पेन हवेतच राहिलं.

“एइ जाः,” तो म्हणाला. “सलीलदा, खंदक पंचाननकाका खणतोय?”

सलीलदा चहा ओतत होता. तो ओततच राहिला. कप भरला, बशी भरली, मग टेबलावरच्या नकाशातली हुगळी खरोखर वाहू लागली.

आता हे कसं झालं ते सांगतो, म्हणजे मला शिव्या देताना तुम्हाला सोपं जाईल. आमच्या करमाळ्यात पाठकोरा कागद फेकणं हे भाकरी फेकण्याइतकं वाईट समजत. वडील शाळेत लिपिक. माझं गणिताचं सगळं कच्चं काम जुन्या हजेरीपत्रकांच्या पाठीवर झालं. तर मंगळवारी सलीलदाने मला त्याच्या गुप्त टिपणांची फाइल पाठवली: “छाप. वाचू नकोस, तू खेळाडू आहेस.” मी वाचलं नाही. पहिली प्रत प्रिंटरने कडेला कापली, ती मी नजर दुसरीकडे वळवून उपडी करून खणात ठेवली. दुसरी नीट आली, ती त्याला दिली. शनिवारी तक्ते छापायला खण उघडला तर वर कोरे कोरे सुंदर कागद. इतका प्रामाणिक राहिलो नसतो, एकदा जरी डोकावलो असतो, तरी हे टळलं असतं.

“कागद उलटे ठेवा,” सलीलदा म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की उलटे म्हणजे नेमकी कुठली बाजू हाच प्रश्न आहे. “नाही, राहू दे. चहा प्या आणि घरी जा.”

सलील आठल्ये. वय एकोणपन्नास, एका शाळेत भूगोल शिकवतो. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले ते इथलेच झाले, त्यामुळे सलीलदाचं मराठी आईकडून आणि जुन्या दिवाळी अंकांतून आलेलं. तो रागावला तरी छापील रागावतो. “उन्मेष, तुझा हा अविचार अक्षम्य आहे,” असं कुणी समोरासमोर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दर रविवारी तो हा खेळ चालवतो. घरी फोनवर आईला मी समजावून पाहिलं होतं.

“पत्ते असतात?”

“नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापला सुपरहिरो काय करतो ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा.”

“जिंकतं कोण?”

“तसं कुणी नाही.”

“मग एवढ्या लांब बेहालाला कशाला जातोस? डमडमला तुझ्याजवळ कुणी नाही का गोष्ट सांगायला?”

खरं म्हणजे आईचं बरोबर होतं. डमडमहून बेहाला म्हणजे मेट्रो, मग दुसरी मेट्रो, मग ऑटो. पण बँकेने मला इथे आणून टाकल्यावर पहिले सहा महिने माझ्याशी मराठीत बोलणारा एकमेव माणूस एटीएम होता. गणपतीत महाराष्ट्र मंडळात सलीलदा भेटला आणि ओळख व्हायच्या आत त्याने विचारलं, “तुला एकच शक्ती मिळाली तर कोणती घेशील?” मी म्हणालो, करमाळ्याची विनाथांबा गाडी व्हायला आवडेल, सुटली की सुटली. त्याने खिशातली वही काढून लिहून घेतलं. माझा हिरो विनाथांबा असा जन्मला: एकदा धावू लागला की त्याला कुणी अडवू शकत नाही.

“कमजोरी?” त्याने विचारलं.

“कशाला हवी? सुपरहिरो आहे ना?”

“कमजोरी नसलेला हिरो म्हणजे निवडणुकीचं पोस्टर. विचार करून दे.”

देतो म्हणालो. ती चौकट तेव्हापासून रिकामी.

बाकीच्यांनी कधीच भरली होती. मधुवंतीची नायिका ‘लोडशेडिंग’: बोट उचललं की अख्ख्या पाड्याची, म्हणजे मोहल्ल्याची, वीज घालवते, पण अंधारात तिलाच काही दिसत नाही. औषधाच्या दुकानात काम करणारा अर्घ्य ‘भाटा’ होता. नदीचं पाणी मागे खेचायचा आणि भरती आली की त्याला झोप यायची, बरेचदा खरीच.

आता सलीलदाचं दुखणं. तेवीस वर्षांत त्याने अठरा मोहिमा रचल्या आणि एकही पूर्ण झाली नाही. एकीतला नायक ऐन लढाईत बंगळूरला नोकरीला गेला. एकीतल्या दोघांनी आपसात लग्न केलं आणि मग रविवारी त्यांना वेळच मिळेना. सातवी मोहीम तर उडणाऱ्या हिरोला मेट्रोचं तिकीट लागतं का या वादात मेली. प्रत्येक मोहिमेची एक वही, आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्याने आरंभीच लिहून ठेवलेलं: ‘संपली, ता.’ पुढे रेघ. अठरा रेघा, अठराही कोऱ्या.

एकोणिसावी संपणारच होती. दोन रविवार उरले होते. त्याच्या पुढच्या बुधवारी मधुवंतीचं बिऱ्हाड नागपूरला हलणार होतं. वडील केंद्र सरकारात, बदलीचा हुकूम आलेला. म्हणजे वेळ मोजकाच, पण पुरेसा. मी छापखाना उघडेपर्यंत.

गोष्ट बागबाजारच्या खंदकाची होती. पूर्वी मराठे येतील या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठे काही शहरात आले नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजवला. सलीलदाच्या मोहिमेत तो पुन्हा उघडत होता, दर आठवड्याला एक पाडा गिळत. अर्घ्यला पहिल्या दिवसापासून खात्री होती की खलनायक कुणी मराठा घोडेस्वारच असणार.

“तुमच्याच लोकांचा धंदा,” तो मला म्हणायचा.

“आमच्या लोकांना पार्किंग मिळत नाही इथे, घोडे कुठे बांधणार?”

सलीलदा हसायचा नाही. शाळेत बर्गींचा, म्हणजे बंगालवर चालून आलेल्या मराठा स्वारांचा, धडा आला की अख्खा वर्ग वळून त्याच्याकडे बघायचा. “आठल्ये, तुझ्या आजोबांनी आमचं धान लुटलं!” आणि हा सांगायचा की माझे आजोबा तुमच्या रेल्वेची पगारपत्रकं लिहायचे. त्याचं उत्तर आत्ता कुठे तयार झालं होतं. खंदक खणणारा घोडेस्वार नव्हताच. तीन वर्षं हिरोंना वाटा दाखवणारा, त्यांना मुढी, म्हणजे कुरमुरे, खाऊ घालणारा म्हातारा पहारेकरी पंचाननकाका, तोच खणत होता. भीतीने. कुणीतरी येणार आहे या भीतीने. हे कळेल तेव्हा टेबलाभोवतीचे चेहरे कसे होतील ते त्याला एकदा पाहायचं होतं, आणि मग त्या रेघेवर तारीख घालायची होती. आयुष्यात एवढंच मागणं असलेला माणूस मला सापडावा आणि मी त्याच्याच गुप्त कागदांवर पाठपोट छपाई करावी!

सोमवारपासून मी भरपाईच्या मागे लागलो. फोन केला.

“सलीलदा, खलनायक बदल ना. दुसरा कुणी कर.”

“तीन वर्षं मी सुगावे पेरलेत. काकाच्या नखांतली माती, त्याची तुटकी कुदळ, त्याने नाकारलेली रजा. सगळं उपटू?”

“मग काकाला जुळा भाऊ दे.”

फोन बंद.

मंगळवारी मी लिहिलं, सगळं स्वप्न होतं असं दाखवता येईल. त्यावर त्याने फक्त टिंब पाठवलं. एक टिंब. बुधवारी अर्घ्यने मला कळवलं की आपण विसरल्याचं नाटक करू. मी ते सलीलदाला सांगितलं. तो म्हणाला, “मी शिक्षक आहे. उत्तर पाहून आलेला विद्यार्थी मला तिसऱ्या बाकावरून ओळखू येतो.”

गुरुवारी बँकेतून सुटून मी मिठाई घेऊन बेहालाला गेलो. दार मीनाक्षीवहिनींनी उघडलं.

“ये. एक तू राहिला होतास,” त्या म्हणाल्या. “रविवारपासून नकाशा पसरलाय टेबलावर. आम्ही दोघं ओट्याशी उभ्याने जेवतोय.”

सलीलदा नकाशावर कोपरं टेकून बसला होता. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मिठाईचा खोका जपून न्यू अलिपूरवर ठेवला.

“ही एकोणिसावीही गेली,” तो वहिनींना म्हणाला. “बुधवारी मधुवंती जाईल. मी ही सगळी वह्यांची चळत रद्दीत घालतो.”

“घाल,” वहिनी म्हणाल्या. “पण आधी मला बाहेर काढ.”

“कुठून?”

“तिसऱ्या मोहिमेतून. लग्न झालं त्या वर्षी तू मला खेळायला बसवलंस आणि भुयारात कोंडलंस. पुढच्या रविवारी काढतो म्हणालास. मग ती मोहीमच मोडली.” त्या माझ्याकडे वळल्या. “मी अजून आत आहे, उन्मेष. एकवीस वर्षं. तुझा तर एकच रविवार बिघडलाय.”

“कुठलं भुयार?” सलीलदाने विचारलं.

“मला काय विचारतोस? तूच खणलंस. डमडमच्या खाली.”

सलीलदाने नकाशावर डमडम शोधलं. मग बागबाजार. दोन्हींवर एकेक बोट ठेवून त्याने मधलं अंतर पाहिलं. मग त्याला मी दिसलो.

“ऊठ. घरी जा.”

“अरे पण मी माफी मागायला...”

“मागितलीस. जा.”

दीड तास प्रवास करून आलेल्या माणसाला पाणीही न विचारता त्याने हाकललं. मिठाईही ठेवून घेतली. ऑटोच्या रांगेत मी ठरवलं की रविवारी यायचंच नाही. रविवारी सव्वादहालाच पोहोचलो.

“तुम्हाला सगळं ठाऊक आहे असं धरू,” सलीलदाने सुरुवात केली. आवाजात कडवटपणा होता आणि डोळे माझ्यावर. “तुम्ही बागबाजारला खंदकाच्या काठावर आहात. समोर पंचाननकाका. हातात कुदळ.”

“आम्ही त्याला थांबवतो,” अर्घ्य जांभई देत म्हणाला. उत्तर पाहून आलेला विद्यार्थी कसा दिसतो ते मलाही कळलं.

“थांबवा. पण त्याआधी कुदळ एकदा पडते.” सलीलदाने टेबलावर बोटाने टकटक केली. “आवाज पोकळ येतो. खाली काहीतरी आहे. माती खचते. खालून एक हात वर येतो, आणि तो हात गरम आहे.”

“कुणाचा?” मधुवंतीने विचारलं.

स्वयंपाकघरातून वहिनी आल्या. पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि टेबलावर एक पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला कागद ठेवला. वर निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘इस्त्री. शक्ती: तळहाताने काहीही सपाट करणे. कमजोरी: पाणी शिंपडले की वाफ होते.’

“एकवीस वर्षं झाली,” इस्त्री म्हणाली. “कुणी चहा आणलाय का?”

अर्घ्यचा जबडा खरोखर खाली आला. मधुवंती किंचाळली. माझं काय झालं ते मला दिसलं नाही, पण सलीलदा सहलीत पोरं मोजावीत तसा एकेक चेहरा पाहत होता, आणि माझ्यापाशी येऊन तो समाधानाने थांबला.

पुढचा तास आम्ही खुर्चीवर बसलोच नाही. लोडशेडिंगने दिवे घालवले, भाट्याने खंदकातलं पाणी खेचून घेतलं म्हणजे इस्त्रीची वाफ होऊ नये, आणि वहिनींनी बागबाजार ते डमडम अख्खा खंदक तळहाताने दाबून सपाट केला. फासे असे टाकत होत्या जणू पोळपाटावर गोळा आपटतायत. उरला पंचाननकाका. तो पुन्हा कुदळ उचलत होता.

“याला कुणीतरी सांगायला हवं की कुणी येत नाहीये,” सलीलदा म्हणाला. “विनाथांबा, तू सांग. तू तिकडचा आहेस.”

मी हात जोडले, का ते माहीत नाही. “काका, कुणी येत नाहीये,” मी म्हणालो. “आलो तो मीच. आणि माझी तर बदली झाली होती.”

बारा हवे होते. फासा घरंगळत मिठाईच्या खोक्याला अडला. तेरा.

पंचाननकाकाने कुदळ खाली ठेवली.

सलीलदाने एकोणिसावी वही उघडली, शेवटच्या पानावरच्या रेघेवर तारीख घातली, पेनाला टोपण लावलं. मग काय करायचं ते त्याला कळेना. मधुवंती रडत होती, अर्घ्य तिचा फोटो काढत होता.

“आता?” सलीलदा जवळजवळ रागावून म्हणाला.

“आता टेबल मोकळं कर,” वहिनी म्हणाल्या.

तो तक्ते गोळा करू लागला. एकेक पाहून वहीत लावत होता. माझ्यावर थांबला.

“ही चौकट रिकामी आहे.”

“राहू दे ना सलीलदा, मोहीम तर संपली.”

“दप्तर पूर्ण झालेलं नाही.” त्याने तक्ता माझ्या हातात दिला. “अर्ध्या पानात दे. विचार करून.”

या गोष्टीला दोन महिने झाले. मधुवंती नागपूरला रुळली. विसाव्या मोहिमेत वहिनी पहिल्या दिवसापासून आहेत आणि भुयारात शिरायला साफ नकार देतात. मी दोनदा कमजोरी लिहून पाठवली. पहिली, ‘उन्हात दमतो’. ती त्याने लाल शाईत परत केली. दुसरी, ‘कुणाला दुखवू शकत नाही’. ती वहिनींनी मोठ्याने वाचून दाखवली आणि अर्घ्य खुर्चीवरून पडला.

काल फोन आला.

“कमजोरी?”

“पुढच्या रविवारी नक्की.”

“खंदकवालेही असंच म्हणाले होते,” सलीलदा म्हणाला. “आणि हे बघ, कोऱ्या कागदावर लिही. दोन्ही बाजूंनी कोऱ्या.”