पुजलेलं वेटोळं

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील कुठल्याही मोर्चाहून परतले की पिशवीत उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा असायचा. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली, त्यामुळे ‘कमळ’ लिहायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ लिहिता येत होतं. या शिक्षणाचा तोटा असा की साध्या वायरीचा प्रश्नही मला तत्त्वाचा वाटतो. गेल्या दसऱ्याला ज्या केबलीवरून आमच्या घरात अबोला धरला गेला, तिचा प्रश्न मात्र खरंच तत्त्वाचा होता, असं माझं अजूनही मत आहे.

इस्लामपूरच्या बाहेर आमचं वर्कशॉप आहे. म्हणजे तात्यांचं, वडिलांच्या थोरल्या भावाचं. तात्या फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि उसाच्या ट्रॉल्या बांधायला लागले. माझी थोरली बहीण, ताई, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून तिथंच कामाला लागली. ट्रॉलीचा जोड कसाही दिसला तरी चालतो, धरला म्हणजे झालं. ताईला मात्र दुधाच्या स्टीलच्या टाक्या करायच्या होत्या. पातळ पत्रा, आणि जोड असा गुळगुळीत की त्यात दूध अडकून आंबायला नको. त्यासाठी तिनं तात्यांच्या मागं लागून सांगलीच्या दुकानातून पल्स वेल्डिंगचं मशीन आणवलं. विकत नाही, बघायला. कडेगावच्या एका डेअरीचे इंजिनियर येऊन जोड तपासणार होते. जोड पसंत पडला तर टाक्यांचं काम आणि मशीन दोन्ही आमच्याकडं राहणार. नाही तर मशीन परत सांगलीला आणि ताई परत ट्रॉलीखाली.

साधं वेल्डिंग मशीन करंट सलग सोडतं. पल्स मशीन तो ठोक्याठोक्यानं सोडतं, आणि प्रत्येक ठोक्याला वितळलेल्या तारेचा एक थेंब जोडावर पडतो. ठोका खणखणीत असला तर थेंब नेमका पडतो. मशीनमधून एक केबल हातात धरायच्या वेल्डिंग टॉर्चकडं जाते आणि दुसरी, जिला सगळे अर्थिंगमधलं ‘अर्थ’ म्हणतात, ती चिमट्यानं कामाच्या पत्र्याला लावायची. वाद झाला तो या दुसरीवरून.

दुकानदार म्हणाला, “केबल तांब्याची घ्या, जाड घ्या, आणि गरजेपुरतीच घ्या. लांब झाली की पल्स बोथट होतो.”

“आखूड न्हाई चालायची,” तात्या म्हणाले. “आमची ट्रॉली गेटापाशी उभी ऱ्हाती. तितवर चिमटा पोचाय पायजे.”

“आवं तात्या, टाकी काय गेटापाशी उभी ऱ्हाणार हाय?” ताई म्हणाली.

“आज टाकी हाय. उद्याचं कुणाला ठावं?”

तांब्याची आली, जाडही आली, आणि गेटापर्यंत पोचेल एवढी आली. टाकीचा पत्रा मशीनपासून हाताच्या अंतरावर होता.

उरलेल्या केबलीचं करायचं काय? फौजेत ढिली पडलेली दोरी म्हणजे गुन्हा. तात्यांनी ट्रॉलीच्या चाकाची जुनी लोखंडी डिस्क घेतली आणि तिच्यावर केबल अशी गुंडाळली की एक वेढा दुसऱ्यावर चढला नाही. पहिलं टोक मशीनला, शेवटचं चिमट्याला, मधलं सगळं डिस्कवर. दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती. वेटोळं इतकं देखणं झालं होतं की हळद-कुंकू मशीनच्या आधी त्याला लागलं. झेंडूचा हारही त्यालाच घातला.

आमच्याकडं नवमीला पुजलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. ते ठीक आहे, लोखंडालाही सुट्टी हवी. पण तात्यांनी साहेबांना निमंत्रण दिलं होतं. साहेब कोण, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. ज्यांचा फ्लेक्स वाढदिवसाला चौकात लागतो आणि पुढच्या वाढदिवसापर्यंत उतरत नाही, ते. साहेब दसऱ्याला आले नाहीत. दसऱ्यानंतरही आले नाहीत. ते येईतोवर पूजा मोडायची नव्हती.

“मशीन चालवा,” तात्यांनी सवलत दिली. “मांडलेलं हलवायचं न्हाई.”

ताईनं चालवून बघितलं. जे मशीन भुंग्यासारखं गुणगुणायला हवं ते बिघडलेल्या बुलेटसारखं फटफटलं. पत्र्यावर मोहरी उधळावी तसे वितळलेल्या स्टीलचे कण उडाले. तिनं सगळी बटणं फिरवून बघितली, मग हेल्मेट वर करून वेटोळ्याकडं बोट दाखवलं.

“तात्या, ही आता केबल ऱ्हायली न्हाई, कॉइल झालीया. त्यात लोखंडावर गुंडाळलीया. करंट चढाय लागला की ही मागं ओढती, उतराय लागला की धरून ठेवती. ठोका उरलाच न्हाई.”

“मी फौजेत सिग्नलला हुतो,” तात्या म्हणाले. “तवा लय तारा गुंडाळल्यात. कवा निरोप अडकला न्हाई.”

त्यानंतर दोघं बोलेनासे झाले. अशा वेळी मला एकच गोष्ट येते. ‘वेटोळं सोडा, पल्स वाचवा’ असं पत्रक लिहून मी शेडच्या दारावर चिकटवलं. तात्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

“खाली सही न्हाई,” ते म्हणाले. “निनावी कागद आमी फाडतो.”

मी सही केली. मग त्यांनी ते सहीसकट फाडलं.

डेअरीचे इंजिनियर आले त्याच सकाळी साहेबांच्या माणसाचा फोन आला. साहेब म्हसवडकडं कार्यक्रमाला निघालेत, वाटेत थांबतील. तात्यांनी इंजिनियरना खुर्ची दिली, चहा दिला, आणि स्वतः शाल-नारळ घेऊन गेटावर उभे राहिले. वेटोळ्यावरचा हार एव्हाना सुकून त्याचा चिवडा झाला होता. इंजिनियरनी ताईनं वेटोळ्यासकटच जोडलेला नमुना उचलला, जोडावर अंगठा फिरवला आणि परत ठेवला.

“असाच जोड असेल तर मी थांबण्यात अर्थ नाही,” ते म्हणाले.

“चहा हून द्या,” ताई म्हणाली. तिच्या हातातलं हेल्मेट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की मला पत्रकाचाही विसर पडला.

गाड्या आल्या. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी हळू झाली. काच अर्ध्यापर्यंत खाली आली, आतून हात जोडलेले दिसले, काच वर गेली. तात्या धुरळ्यात शाल पसरून उभे होते. शाल पसरायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा कमी वेळ साहेब आमच्यात होते.

तात्या आत आले. शाल त्यांनी इंजिनियरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली, नारळ मशीनपुढं ठेवला आणि वेटोळ्यावरचा हार स्वतःच्या हातानं काढला.

“सोड गं.”

“सोडून भागत न्हाई,” ताई म्हणाली. “पसरायची कुठं एवढी? तोडाय लागंल.”

तात्यांनी हॅक्सॉ आणून तिच्या हातात दिला.

तिनं हवी तेवढीच केबल ठेवली. तोडलेल्या टोकाला नवा लग, म्हणजे जोडणीची तांब्याची टोपी, दाबून बसवला, ओढून बघितला, कारण सैल लग आधी तापतो आणि मग जळतो. चिमट्याखालचा पत्रा घासून चकचकीत केला आणि दोन्ही केबली शेजारीशेजारी सरळ टाकल्या. मग तिनं टॉर्च टेकवला आणि मशीन गुणगुणलं. कण उडाले नाहीत. इंजिनियरनी गार झालेल्या जोडावरून नख फिरवलं, ते कुठं अडकलं नाही.

“टाक्या कधी सुरू करताय?” त्यांनी विचारलं. प्रश्न ताईला होता. उत्तर तात्यांनी दिलं: “आजपासनं.”

मशीन आमच्याकडं राहिलं. उरलेली केबल तात्यांनी फेकली नाही. डिस्कसकट खिळ्याला टांगली, कारण पुजलेली वस्तू फेकत नाहीत. यावर मी पत्रक काढलं नाही. टांगलेली केबल कुणाचा पल्स अडवत नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा कार्यकर्ता फोटो काढायला आला. ताईनं त्याला टाकीचा जोड दाखवला.

“ताई, हितं तर काय दिसतच न्हाई,” तो म्हणाला.

“दिसू नये म्हणून तर एवढं केलं.”

त्यानं इकडंतिकडं बघून खिळ्यावरच्या वेटोळ्याचा फोटो काढला. आता चौकातल्या फ्लेक्सवर साहेब हात जोडून उभे आहेत, खाली ‘आधुनिक वेल्डिंग प्रकल्पाचे उद्घाटन’ असं छापलंय, आणि शेजारी आहे ते पुजलेलं वेटोळं.