भोंग्यानं घेतलेली जागा

"बायकाईची बैठक आजपासून बंद," दौलतराव म्हणाले.

"काहून?"

"तिथं भोंगा ठेवा लागते. आता फिलिम बोलते, गंगाबाई."

"मंग आम्हाले ऐकू येत नाही का?"

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. शहरातली थेटरं कधीचीच बोलू लागली होती. दौलतरावांच्या तंबू सिनेमाची मशीन मात्र तोवर मुकीच. नागपुरात विणकरांच्या वस्तीजवळ तंबू लागायचा, जत्रांच्या दिवसांत उमरेड, मौदा. मर्द पडद्यासमोर, बायका पडद्यामागे. कापड ओलं असलं की चित्र मागूनही दिसतं, म्हणून खेळाआधी पडदा भिजवायचं काम माझं, गंगाबाईचं. भांडणाचं पुढे सांगते. त्या तंबूचा एक किस्सा काढला की बाकीचे तिकिटाच्या खिडकीवर करावी तशी रेटारेटी करतात.

*

मला कोणी शाळेत घातलं नाही. पडद्यावर मजकूर आला की समोरचे मर्द तो मोठ्यानं वाचत. मी मागे बसून आवाज अक्षरांशी जुळवत गेले. अशी शिकले. पण मागून सगळं उलटं दिसतं, हे कोण सांगणार?

बाजारात एका किराणा दुकानाची पाटी वाचायला गेले, तर एकही अक्षर लागेना.

"तुमची पाटी उलटी लिवली हाये," मी दुकानदाराला बजावलं. तो हसला.

घरून आरसा आणला, पाटीकडे पाठ केली आणि आरशात पाहून सगळी घडाघडा वाचून दाखवली. मग हसायचा थांबला. सुलटं वाचायला त्यानंतर शिकले, तेही माझी मीच.

*

आमच्या बैठकीतली सोनाबाई मागावर लुगडी विणायची. सिनेमातला एकही राजा तिला पटायचा नाही. एकदा पंगतीचा देखावा लागला, तेव्हा कारण कळलं.

"एवढा मोठा राजा, अन् डाव्या हातानं जेवून राहिला वं. याच्या मायनं काहीच शिकवलं नाही का?"

*

मग बोलणारी मशीन आली. पडद्यामागे, आम्हा बायकांच्या मधोमध, माणसाएवढा भोंगा उभा केला. मी सवयीनं पडदा भिजवला, त्याबरोबर भोंगाही. नायिका तोंड उघडून गाऊ लागली, आवाज नाही. समोरून शिट्ट्या. दौलतराव धावत मागे आले.

"भोंग्याले आंघोळ काहून घातली?"

"बायकाईत बसाचं तर आंघोळ करूनच बसा लागन."

पुसून-वाळवून आवाज आला, तो असा की मांडीवरची सगळी लेकरं एकदम रडायला लागली. सोनाबाई कान दाबून उठली. तिच्यामागे एकेक करत बैठक रिकामी.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ते भांडण. बायका तंबूच्या दाराशी उभ्या.

"भोंगा जागचा हलणार नाही," दौलतराव म्हणाले.

"नोका हलवू. आम्ही समोर बसतो. मधात कनात लावा."

"समोर मर्द बसते."

"सरकतीन थोडे."

"नाही सरकत ते. बायकाईनं आता घरी बसावं."

सोनाबाईनं पदर सावरला आणि घराकडे वळली. ती गेली की बाकीच्याही जाणार होत्या, आणि एकदा गेलेलीला नवरा पुन्हा पाठवणार नव्हता.

मी पडदा भिजवायची बादली दौलतरावांच्या हातात दिली.

"मंग मर्दाईले बसवा भोंग्याजवळ. पडदा तुम्ही भिजवा, उलटं वाचाले मी शिकवते."