हिच्या मामांच्या गोळ्या

माझ्या बायकोच्या मामांइतका छळवादी प्रामाणिक माणूस अख्ख्या लालबाग-परळात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो माझ्या नात्यात नाही, हे माझं नशीब. मामा परळच्या एका इस्पितळात कंपाउंडर. खोकल्याचं औषध मागायला गेलेल्या माणसाला बाटली नीट विसळली नाही म्हणून घरी परत धाडत. स्वतःच्या लग्नात मुहूर्ताला मिनिटभर अवकाश आहे म्हणून घड्याळ दाखवून भटजींना थांबवणारे नवरदेव हेच, असं त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई सांगत.

या घराण्यात डोळ्यांचा पिढीजात रोग. आधी दिवेलागणीनंतर दिसेनासं व्हायचं, मग दिवसाही नजर आक्रसत जायची. मामांची आई शेवटी पार आंधळी होऊन गेली. आता मामा, सासूबाई आणि माझी बायको, तिघांनाही तो जडलेला. अशात इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठरवलं की, पायांचं रक्ताभिसरण सुधारायला देतात त्याच जुन्या गोळ्या या रोगावर चालतात का, ते पाहायचं. काहींना खरी गोळी, काहींना नुसतीच दिसायला तशी. कुणाला कुठली, ते फक्त डॉक्टरांना ठाऊक. मामांनी तिघांची नावं दिली ती दिली, वर माझ्या हातात वही दिली.

झालं! रोज तिन्हीसांजेला चाळीच्या गॅलरीत बालदी, पाट, तांब्या मांडायचा, तिघांनी त्यातून चालायचं आणि कोण किती वेळा धडपडलं ते मी लिहायचं. डॉक्टरांनी हे सांगितलेलं नव्हतं बरं का, ही मामांची पदरची भर. स्वतः बालदीत पाय अडकून आडवे झाले तरी जमिनीवरूनच विचारत, लिहिलंत का? एकदा मी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला शिवाजी पार्कावर गेलो, तर गर्दीतून वाट काढत हे हजर. महाराष्ट्र आज ना उद्या मिळेलच, पण आजची नोंद परत मिळायची नाही, म्हणाले, आणि भर भाषणातून मला दंडाला धरून घरी आणलं. अंधारायला लागल्यावर दंड खरं तर मी त्यांचा धरला होता, पण तसं बोलायची सोय नव्हती.

गोळ्या दिसायला सारख्या, पण चवीचा विचार कुणी केलेला नव्हता. पहिल्याच आठवड्यात ही म्हणाली, माझी गोळी अगदी बेचव लागते. मामांनी तिला तिथंच गप्प केलं. चवीचं या घरात बोलायचं नाही! चौथ्या महिन्यात तिच्याच तोंडून सहज निघून गेलं की, हल्ली गोळी कडू लागते. मामांनी वही मिटली आणि बहिणीकडे पाहिलं. सासूबाईंची गोळी कडू, म्हणजे खरी. त्यांनी केव्हाच आपली बाटली गुपचूप लेकीच्या बाटलीशी बदलली होती. वर म्हणतात कशा, पानात काही बरं पडलं तर आई ते लेकीला वाढणार नाही का?

आता मामा चाळ डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. त्यांनी वहीतल्या दोघींच्या नावांवर रेघ मारली, उद्या डॉक्टरांना सांगावं लागेल म्हणाले आणि पाटावर बसले.

"अक्का, माझीपण कडूच आहे गं," मग म्हणाले. "मी नाही दिली तिला."

मला त्या माणसाचा संताप आला. माझी बायको होती ती.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी सगळ्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. गोळ्यांचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. तोवर मामांची नजर बरीचशी गेली होती, हिचीही उतरत होती. डॉक्टरांचं ऐकून मी आणि मामा परत निघालो, तर करी रोडच्या पुलावर ते थांबले.

"जावईबापू, म्हणजे तिला दिली असती तरी काही झालं नसतं ना?"

"काही नसतं झालं, मामा."

"परत एकदा म्हणा."

मी म्हटलं. शंभरदा म्हणायला लावलं असतं, तरी म्हटलं असतं.